क्रूझचं पक्कं नाही? आधी इसाराचा हिशोब मांडा

बैलजोडीचा सौदा ठरला की आपल्याकडे इसार देतात. घेणारा फिरला तर इसार बुडतो. विकणारा फिरला तर त्याला तो परत द्यावा लागतो, वर चार लोकांत बोलणी खावी लागतात. क्रूझच्या अटी तीस-चाळीस पानं भरतात, बारीक इंग्रजीत असतात, पण त्यांच्या बुडाशी हाच बाजारातला नियम आहे: आधी कोण फिरलं?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, रेल्वेचं आरक्षण ही रोजची कामं. क्रूझचे कागद माझ्या टेबलावर पहिल्यांदा आले ते गावातल्या चार जोडप्यांमुळे. एक निवृत्त मास्तर, एक कृषी केंद्रवाले आणि दोन कास्तकार. पोळ्याच्या सुमारास त्यांनी शहरातल्या एका एजंटामार्फत मुंबई–लक्षद्वीप–मुंबई अशी सहल ठरवली आणि जोडप्यामागे ६४,००० रुपये भरले. निघायला वीस दिवस उरले असताना सगळ्यांच्या मोबाइलवर संदेश आला: ‘काही कारणास्तव जहाजाच्या मार्गात व वेळापत्रकात बदल संभवतो.’ बस, एवढंच. त्या संध्याकाळी आठही जण केंद्रात. त्यातले एक कास्तकार, काकाजी, म्हणाले, ‘‘जहाजाचं राहू दे बाप्पा. पैसे वापस भेटतीन का नाई, थे सांग पयले.’’

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे हाती लागलं ते क्रमानं सांगतो.

पहिली पायरी: फोनवर ‘रद्द करा’ म्हणू नका

संदेश आला की पहिला हात फोनकडे जातो. एजंट गोड बोलतो, ‘‘काका, रिस्क कशाला घेता, आत्ताच कॅन्सल करून टाकू, थोडं तरी वाचेल.’’ तुम्ही ‘बरं’ म्हणता आणि त्या एका शब्दानं फिरणारे तुम्ही ठरता. मग तुमच्या बाजूनं रद्द केल्याची कपात लागू होते. कंपनीनं स्वतःहून सहल रद्द केली, तर पूर्ण रक्कम किंवा दुसरी तारीख द्यावी लागते, असं बहुतेक कंपन्यांच्या स्वतःच्याच अटींत लिहिलेलं असतं.

‘बदल संभवतो’ म्हणजे रद्द नव्हे. तो कंपनीनं घेतलेला सावध पवित्रा आहे. त्याला उत्तर द्यायचं ते लेखी, आणि कागद वाचून झाल्यावर. तोवर एजंटाला एकच वाक्य सांगा: ‘‘आम्ही रद्द केलेलं नाही, लेखी कळवतो.’’

काकाजींनी चौथ्या दिवशी नेमकं उलटं केलं. अवकाळी पावसानं वेचणीला आलेला कापूस भिजला होता, मजूर मिळत नव्हते, डोकं ठिकाणावर नव्हतं. वावरातूनच एजंटाला फोन लावला आणि ‘रद्द करा’ म्हणून मोकळे झाले. त्याचं पुढं काय झालं ते शेवटी येईलच.

दुसरी पायरी: कागद एका जागी आणा

यासाठी एक पूर्ण संध्याकाळ द्या. हवं ते असं: बुकिंगची पावती आणि कंपनीचा बुकिंग क्रमांक (एजंटाच्या वहीतला नव्हे, जहाज कंपनीचा), पैसे भरल्याचा पुरावा, जीएसटीचं बिल, एजंटानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली जाहिरात व दरपत्रक, आणि बुकिंगच्या दिवशी लागू असलेल्या अटी. अटी संकेतस्थळावर बदलत राहतात, म्हणून आजच त्यांची पीडीएफ करून तारखेसह ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण नुसतं स्क्रीनशॉट काढून ठेवू नका. ‘एक्सपोर्ट’ करून स्वतःला मेल करा आणि मूळ फोन विकू नका. पुढे ग्राहक आयोगात गेलात, तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फोन हातात असला की ते सोपं जातं.

आपल्याकडे दोन घोटाळे हमखास सापडतात. पहिला रोखीचा. तुरीचा किंवा कापसाचा चुकारा हाती असतो, एजंट म्हणतो ‘रोख द्या, दोन हजार कमी करतो’. मग पावती साध्या चिठ्ठीवर येते, किंवा येतच नाही. (एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं मुळातच मनाई आहे, हे एजंटाला आठवण करून द्यायला हरकत नाही.) रोख दिली असेल, तर आजच्या आज एजंटाला संदेश टाका: ‘अमुक तारखेला तुम्हाला अमुक रक्कम रोख दिली, पावती पाठवा.’ त्यानं ‘हो, पाठवतो’ एवढं लिहिलं तरी कामाचा पुरावा झाला.

दुसरा घोटाळा एकानं सगळ्यांचे पैसे भरण्याचा. आमच्या आठ जणांचे पैसे कृषी केंद्रवाल्यांच्या खात्यातून गेले होते. परतावा आला तर तो त्यांच्याच खात्यात येणार, आणि तक्रारीत बाकीच्यांनी ‘आम्ही पैसे दिले’ हे कसं दाखवायचं? आम्ही साधा उपाय केला. त्यांनी प्रत्येकाला सही करून लिहून दिलं की अमुक रक्कम यांच्या वाट्याची आहे. मैत्रीत असं लिहून घेणं बरं दिसत नाही खरं, पण पैसे अडकल्यावर भांडून घेणं त्याहून वाईट दिसतं.

तिसरी पायरी: अटींत नेमकं काय शोधायचं

सगळं वाचायची गरज नाही. पाच जागा शोधा.

कपातीचे टप्पे. निघण्याच्या तारखेच्या किती दिवस आधी रद्द केलं तर किती टक्के जातात, याचा तक्ता असतो. आमच्या कागदात तो असा होता: ४५ दिवसांच्या आधी २५ टक्के, ४४ ते ३० दिवस ५० टक्के, २९ ते १५ दिवस ७५ टक्के, त्यानंतर सगळं गेलं. तुमच्या कागदात आकडे वेगळे असतील. प्रत्येक टप्पा संपण्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनानं लिहा. दिवस कसे मोजतात तेही पाहा. काही ठिकाणी रविवार-सुट्टीला आलेली विनंती पुढच्या कामाच्या दिवशीची धरतात.

मार्ग बदलण्याचा अधिकार. जवळजवळ प्रत्येक क्रूझच्या करारात कप्तानाला हवामान, सुरक्षा वा इतर कारणानं बंदर गाळायचा, क्रम बदलायचा अधिकार असतो. अशा वेळी सहसा त्या बंदराचं शुल्क तेवढं परत मिळतं, बाकी नाही. लक्षद्वीपच्या बाबतीत हे मुद्दाम लक्षात घ्या. तिथं मोठं जहाज बेटाला लागत नाही, ते समुद्रात उभं राहतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. समुद्र थोडा खवळला तरी बोटी उतरवता येत नाहीत. जहाज धडधाकट, पाऊस नाही, तरी बेट डोळ्यांसमोरून निघून जातं.

दैवी आपत्तीची अट. वादळ, युद्ध, साथ, सरकारी बंदी. अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम असतात, पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा संपल्यावर. २०१९ च्या दिवाळीत ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’ अशी दोन चक्रीवादळं तिथं उठली होती. त्याच अवकाळीनं राज्यभरच्या कास्तकारांचं उभं पीक भिजवलं होतं, ते कोण विसरेल? २०२० च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाज करोनामुळे ३,७११ माणसांसह अडकलं. २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे कितीतरी जहाजांनी आफ्रिकेला वळसा घातला. अशा कारणांनी सहल बुडाली, तर कंपनीला नुकसानभरपाई सहसा मागता येत नाही. पण भरलेली मूळ रक्कम हा वेगळा प्रश्न आहे. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ५६ प्रमाणे करार पाळणं अशक्य झालं तर तो रद्दबातल होतो, आणि कलम ६५ सांगतं की अशा करारात ज्यानं फायदा घेतला त्यानं तो परत करावा. तुमच्या करारात या प्रसंगाबद्दल स्पष्ट अट असेल, तर आधी ती अट पाहिली जाते, म्हणून ती वाचायची. टाळेबंदीतल्या विमान तिकिटांचे पैसे परत करण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल दिला. तो विमानांपुरता आहे, जहाजाला जसाच्या तसा लावता येत नाही, तरी एजंट ‘आपत्तीत कोणीच पैसे देत नसतं’ असं म्हणाला तर सांगायला उपयोगी पडतो.

नाव बदलण्याची मुभा. ही ओळ लोक वाचतच नाहीत. काही कंपन्या ठराविक दिवसांपर्यंत थोड्या शुल्कात प्रवाशाचं नाव बदलू देतात. तुम्हाला जमत नसेल तर भाच्याला पाठवा. ७५ टक्के घालवण्यापेक्षा ते केव्हाही परवडतं. लक्षद्वीपला जायला प्रवेशाचा परवाना लागतो, त्यामुळे नाव बदलायची मुदत तिथं आणखी आधी संपते.

वाद कुठल्या कोर्टात. परदेशी कंपनीच्या करारात मायामी नाहीतर सिंगापूर लिहिलेलं असतं, ते वाचून माणूस निम्मा खचतो. खचू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. आणि पैसे घेणारा एजंट तर इथलाच आहे.

चौथी पायरी: थांबायचं की सोडायचं

आमच्या लोकांचा हिशोब तसाच मांडतो. निघायला १६ दिवस. जोडप्याचे ६४,००० भरलेले. आज रद्द केलं तर १६,००० हाती. दोन दिवसांनी रद्द केलं तर शून्य. थांबलो आणि कंपनीनंच सहल मोडली, तर ६४,०००. म्हणजे थांबण्याची किंमत १६,००० आणि त्यातून वाचू शकणारे ४८,०००.

इथं लोक चुकतात, कारण ते ‘६४,००० बुडतात’ असा विचार करतात. ४८,००० तर त्या दिवशी आधीच एजंटाकडे गेलेले आहेत. दुबार पेरणीच्या वेळी आपण काय करतो? पहिलं बियाणं मातीत गेलं, ते मोजत बसत नाही. आता पेरलं तर काय येईल आणि त्याला किती लागेल एवढंच पाहतो. इथंही तसंच.

मग प्रश्न एकच उरतो: जहाज निघालंच, तर तुम्ही जाणार आहात का? जाणार असाल, तर थांबा. निघालं तर सहल झाली, मोडलं तर पैसे आले. पण घरात आजारपण आहे, वेचणी उरकत नाही, जाणं होणारच नाही, तर जहाजाचं काय होईल याच्यावर जुगार खेळू नका. नाव बदलता येतं का बघा, नाहीतर टप्पा संपायच्या आत लेखी रद्द करा. मास्तर आणि कृषी केंद्रवाले पहिल्या प्रकारातले होते. काकाजींना जाणं शक्य नव्हतं, म्हणजे त्यांचा निर्णय चुकला नव्हता, पद्धत चुकली.

पाचवी पायरी: टप्पा संपायच्या आत पत्र

हे सगळ्यात महत्त्वाचं. मेल कंपनी आणि एजंट दोघांनाही एकाच वेळी करा. मजकूर साधारण असा:

‘बुकिंग क्रमांक …, प्रवासाची तारीख …, प्रवासी … . दि. … रोजी आपण कळवले की मार्ग व वेळापत्रकात बदल संभवतो. आम्ही मुंबई–लक्षद्वीप–मुंबई ही सहल घेतली असून त्यासाठी … रुपये भरले आहेत. ठरल्याप्रमाणे सहल होणार आहे किंवा नाही, हे दि. … पर्यंत लेखी कळवावे. आम्ही बुकिंग रद्द केलेले नाही. आपल्या बदलामुळे सहल ठरल्याप्रमाणे होणार नसेल, तर पूर्ण रक्कम मूळ खात्यात परत मिळावी. आपले उत्तर येईपर्यंत कपातीचा पुढचा टप्पा आम्हाला लागू करू नये.’

शेवटची ओळ कंपनी मान्य करेलच असं नाही. पण अनिश्चितता कोणी निर्माण केली आणि तुम्ही वेळेत विचारलं होतं, हे तारखेसह नोंदलं जातं. इंग्रजी जमत नसेल तर हिंदीत लिहा, नाहीतर जवळच्या सेवा केंद्रात जा. पन्नास रुपयांचं काम आहे.

तीन जोडप्यांनी हे पत्र पाठवलं. तीन दिवसांनी कंपनीनं जाहीर केलं की लक्षद्वीप गाळून जहाज फक्त गोव्याला जाईल. ज्यांना हे मान्य नाही त्यांना पूर्ण पैसे किंवा पुढची तारीख. दोघांनी पैसे घेतले. मास्तरांनी तारीख घेतली.

व्हाउचरबद्दल

पैशाऐवजी ‘पुढच्या क्रूझसाठी जमा रक्कम’ देऊ करतात, कधी वर दहा टक्के जास्तीची लालूच. ती वापरायची मुदत, सुट्टीच्या दिवसांत चालते का, दुसऱ्याच्या नावे करता येते का, आणि त्या वेळी भाडं वाढलं तर फरक कोणी भरायचा, हे लेखी विचारा. आपला हंगाम आणि क्रूझचा हंगाम एकमेकांवर चढतात; जून ते ऑगस्टमध्ये आपल्याला उसंत मिळाली तरी मुंबईहून जहाज नसतं. माझं मत सरळ आहे: पुढच्या सहा महिन्यांत जायची तारीख डोळ्यांसमोर नसेल, तर पैसेच मागा. व्हाउचर घ्यायची वेळ आलीच, तर ‘हक्क राखून स्वीकारत आहे’ असं लिहून घ्या, आणि ‘यापुढे कोणताही दावा नाही’ अशा चौकटीवर खूण करण्याआधी दोनदा वाचा.

जहाजाबाहेरचं नुकसान

आपल्याकडून समुद्र लांब आहे, म्हणून हा खर्च मुंबईकरापेक्षा जास्त. धामणगाव किंवा बडनेऱ्याहून गाडी, मुंबईत एक रात्र, बॅलार्ड पिअरच्या क्रूझ टर्मिनलपर्यंत टॅक्सी.

रेल्वेचं पक्कं तिकीट जितकं लवकर रद्द कराल तितकी कपात कमी. तत्काळच्या पक्क्या तिकिटावर काहीच मिळत नाही. म्हणून जहाजाचं डळमळीत असताना तत्काळ काढू नका. गाडी रेल्वेनंच रद्द केली तर पूर्ण पैसे मिळतात. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तरीही, पण त्यासाठी गाडी सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो.

नागपूरहून विमान काढलं असेल आणि तिकिटावर ‘परतावा नाही’ लिहिलं असलं, तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत मिळतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा तसा नियमच आहे. रक्कम लहान असते म्हणून कोणी मागत नाही.

प्रवासविमा काढला असेल तर त्यातली ‘सहल रद्द’ची कारणं मोजून दिलेली असतात: मृत्यू, रुग्णालयात भरती, काही ठिकाणी नैसर्गिक आपत्ती. कापूस भिजला, मन बदललं, भीती वाटली, ही कारणं चालत नाहीत. वादळाचं नाव बातम्यांत आल्यावर काढलेला विमा त्या वादळासाठी बहुधा उपयोगाचा नसतो. बुकिंग करताना विम्याच्या चौकटीत आधीच खूण केलेली होती का तेही बघा. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी असं गुपचूप टोपलीत टाकणं ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला फसवणारी मांडणी, ठरवलं आहे.

सिंगापूर-दुबईकडची क्रूझ असेल, तर बिलात टीसीएस नावाची रक्कम दिसेल, म्हणजे विकतानाच एजंटानं आगाऊ घेतलेला आयकर. तिचे दर गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले, म्हणून आपल्या बिलातलाच आकडा धरा. हा पैसा तुमच्या पॅनवर सरकारकडे जमा होतो. एजंटानं तो अजून भरला नसेल तर त्याच्याकडून परत घ्या. भरला असेल तर आयकराच्या संकेतस्थळावर तुमच्या पॅनपुढे दिसतो आणि आयकर विवरणपत्र भरून परत मिळवता येतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून आपल्यातले बरेच जण विवरणपत्र भरतच नाहीत आणि हक्काचे हजारो रुपये तिथंच राहतात. जीएसटीचंही तसंच. सहल रद्द झाली की एजंटाकडून क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, मागा. तिच्यावरून आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे त्यानं खरोखर किती कापले.

क्रेडिट कार्डावर हप्ते केले असतील, तर परतावा आला म्हणून हप्ता आपोआप थांबत नाही. बँकेला सांगून तो बंद करावा लागतो. आणि वाद सुरू आहे म्हणून हप्ता चुकवू नका. सिबिल बिघडलं की जूनमध्ये बँकेच्या दारात उभं राहायचं आहे ते आपल्यालाच.

पैसे अडवले तर

कार्डानं पैसे भरले असतील तर पहिला दरवाजा बँकेचा. ‘सेवा मिळाली नाही’ या कारणाखाली चार्जबॅक, म्हणजे बँकेनं तो व्यवहार उलटवून पैसे परत आणणं, मागता येतो. त्याला मुदत असते, साधारण १२० दिवसांची. ती कधीपासून मोजतात हे बँकेला विचारा आणि शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. बँकेनं ३० दिवस दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट होते. यूपीआय किंवा एनईएफटीनं स्वतःच पाठवलेल्या पैशांना हा रस्ता सहसा मिळत नाही.

एक सावधगिरी. ‘रिफंड’ म्हणून गुगलवर ग्राहक सेवेचा नंबर शोधू नका, तो बिलावरूनच घ्या. पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. फसलात तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, १९३०.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीत बोलता येतं. ते निकाल देत नाहीत, कंपनीकडे विचारणा करतात, पण बरीच प्रकरणं तिथंच मिटतात, कारण एजंटाला कळतं की गावातला माणूस गप्प बसणारा नाही. बिलात परताव्याची मुदत लिहिली नसेल तर सदोष सेवेचे पैसे ३० दिवसांत परत करायचे, नाहीतर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते, असं कायदा सांगतो. तक्रारीत हे वाक्य जरूर घाला.

त्यानंतर नोटीस. वकील हवाच असं नाही. १५ दिवसांची मुदत द्या, रक्कम मांडा, स्पीड पोस्टानं पाठवा. जुनं रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात मिळवलं आहे, तेव्हा खिडकीवर पोहोच मागून घ्या.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करायची. ती ऑनलाइनही भरता येते, आणि सुनावणी व्हिडिओवर व्हावी असा अर्ज करता येतो; यवतमाळच्या दर फेरीला दिवस मोडणाऱ्यासाठी ही मोठी सोय. एकाच सहलीचे सगळे जण आयोगाच्या परवानगीनं मिळून तक्रार करू शकतात. फक्त ‘सेवेतली त्रुटी’ असा मुद्दा धरा. करारातली अटच अन्यायकारक आहे असं म्हणायचं ठरवलं, तर प्रकरण राज्य आयोगाकडे जातं आणि काम लांबतं. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा असं लिहिलंय. मी मात्र लोकांना वर्ष धरून चला असं सांगतो.

कंपनीच बुडाली तर? असंही होतं. मुंबईहून ‘कर्णिका’ जहाज चालवणारी जलेश क्रूझेस २०१९ मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये बंद पडली. ड्रीम क्रूझेसची मालक असलेली गेंटिंग हाँगकाँग जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली. भारतीय कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली की तिच्यावरचे दावे थांबतात. तेव्हा वर्तमानपत्रात येणाऱ्या जाहीर सूचनेतल्या मुदतीत आपला दावा नोंदवायचा. त्यात पूर्ण पैसे मिळण्याची आशा ठेवू नका. कार्ड असेल तर चार्जबॅक आणि एजंटाची जबाबदारी, हे दोन धागे मात्र तेव्हाही धरून ठेवायचे.

काकाजींचं काय झालं

एजंटानं त्यांना १६,००० पाठवले आणि सांगितलं, कंपनीनं ७५ टक्के कापले. आम्ही कंपनीला मेल करून एवढंच विचारलं: या बुकिंग क्रमांकावर रद्द करण्याची विनंती कोणत्या तारखेला व किती वाजता मिळाली, आणि किती रक्कम कोणाच्या खात्यात परत केली? उत्तर नऊ दिवसांनी आलं. विनंती एजंटाकडून गेली होती ती कंपनीनं मार्ग बदलल्याचं जाहीर केल्याच्या दुसऱ्या दिवशी. कंपनीनं ६४,००० पूर्ण परत केले होते, एजंटाच्या खात्यात.

काकाजींचा फोन एजंटानं चार दिवस दाबून ठेवला होता. आळसानं की हिशोबानं, ते त्यालाच ठाऊक. १९१५ वर तक्रार, नंतर नोटीस. साडेतीन महिन्यांनी ४५,००० जमा झाले. ३,००० त्यानं ‘सेवा शुल्क’ म्हणून ठेवले. पावतीवर असं शुल्क कुठंच नाही. मी विचारलं, सोडायचे का? काकाजी म्हणाले, ‘‘सोडाचे कायले? तूर निघू दे, मंग पाहू.’’ दोन वर्षांची मुदत कधी संपते ती तारीख फायलीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवली आहे.